कोसॅक सरदार घराण्यांची कुलचिन्हे आणि वंशावळी : खरे किती, रचलेले किती?

दप्तरखाना

कोसॅक म्हटले की घोडा, तलवार आणि तासलेल्या डोक्यावरची शेंडी एवढेच डोळ्यांपुढे येते. त्यांच्यात सरदार घराणी होती, त्यांची कुलचिन्हे होती आणि ती सिद्ध करण्यासाठी पुढच्या पिढ्यांना सरकारदरबारी खेटे घालावे लागले, हे मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. बोलणे मुख्यतः युक्रेनमधल्या, म्हणजे द्नीपर नदीच्या डाव्या तीरावरच्या कोसॅक राज्याबद्दल आहे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. कोसॅक कुलचिन्ह समोर आले की ते किती जुने, हा प्रश्न नंतर विचारावा. ते कोणाला दाखवायला काढले होते, हे आधी पाहावे. तेवढे कळले की वंशावळीतल्या अर्ध्या गाठी सुटतात.

१६४८ मध्ये बोहदान ख्मेल्नित्स्कीने पोलंडविरुद्ध उठाव केला आणि पोलिश जमीनदार या मुलखातून हुसकले गेले. १६४९ च्या झ्बोरिव्हच्या तहाने ४०,००० कोसॅकांची नोंदणी मान्य झाली आणि त्यांची नावनिशीवार यादी तयार झाली. जुने उमराव गेले, त्यांच्या जागी कोसॅक अंमलदार आले. या अंमलदार वर्गाला स्तार्शिना म्हणत. सगळ्यांत वर हेटमन, त्याच्याखाली कर्नल, त्याखाली शंभरांचा नायक म्हणजे सोत्निक. पुढे स्थिरावलेल्या राज्यात दहा पलटणी होत्या, आणि पलटण म्हणजे नुसती फौज नव्हे, जिल्हाही तोच. लढाई, महसूल, न्यायनिवाडा सगळे कर्नलाच्या हाती.

हुद्दा निवडून मिळायचा, निदान रीत तशी होती. पण कर्नलाचा मुलगा सोत्निक व्हायचा, त्याची मुलगी दुसऱ्या कर्नलाच्या घरी द्यायची, आणि दोन-तीन पिढ्यांत लिझोहुब, कोचुबेय, स्कोरोपाद्स्की, पोलुबोतोक, हालाहान अशी पाच-पंचवीस घरे सगळा मुलूख सांभाळू लागली. जमिनीची सनद हेटमनकडून आणि मग, मुलूख रशियाच्या छत्राखाली आल्यावर, झारकडून यायची. सनदेला शिक्का लागतो. कोसॅक कुलचिन्हांचा खरा जन्म या शिक्क्यांच्या अंगठ्यांवर झाला. छोटी ढाल, आत हृदय, त्याला भेदून गेलेला बाण, वर क्रूस, बाजूला चंद्रकोर आणि तारे, कडेने मालकाच्या नावाची आणि हुद्द्याची आद्याक्षरे. मेणाच्या ठशाला रंग नसतो, त्यामुळे ढाल निळी की तांबडी हे बहुतेक घरांत कित्येक वर्षे ठरलेलेच नव्हते. बापाच्या शिक्क्यावर एक बाण आणि मुलाच्या शिक्क्यावर दोन, असेही दिसते. त्यात कोणाला वावगे वाटत नसे, कारण विचारणारे कोणी नव्हते.

विचारणारे नंतर आले. १७६४ मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने हेटमनपद रद्द केले. १७७५ मध्ये झापोरोझ्याची सीच, म्हणजे कोसॅकांची मूळ छावणी, उद्ध्वस्त केली. १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला पलटणींचा कारभार मोडून रशियन प्रांत केले. आणि १७८५ मध्ये उमरावांना हक्कांची सनद दिली : कर नाही, फटक्यांची शिक्षा नाही, गुलाम शेतकरी बाळगण्याची मोकळीक. मात्र तुम्ही उमराव आहात हे कागदाने दाखवा.

आता कर्नलाच्या नातवाने काय दाखवायचे? आजोबा लढला, हुद्द्यावर चढला, हे खरे. पण सेंट पीटर्सबर्गच्या हेराल्ड्री कचेरीला हवी होती पिढ्यांची साखळी, आणि कोसॅक हुद्दे साम्राज्याच्या हुद्द्यांच्या कोष्टकात नीट बसतच नव्हते. मग जो तो पोलिश पूर्वज शोधू लागला. पोलिश उमराव, म्हणजे श्लाख्ता, निर्विवाद खानदानी. ज्यांना हाकलून आजोबा मोठा झाला, त्यांच्याच वंशात नातू जन्म शोधतो आहे. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट हीच. बेर्दिचिव्ह गावात तर जुने पोलिश दाखले बनवून देण्याचा धंदाच चालला.

मोठ्यांची घरेही यातून सुटली नाहीत. रझुमोव्स्कींचे पाहा. चेर्निहिव्हजवळच्या लेमेशी खेड्यातल्या साध्या कोसॅकाचा मुलगा ओलेक्सी गुरे राखायचा आणि चर्चमध्ये गायचा. १७३१ मध्ये आवाजाच्या जोरावर त्याला दरबारच्या गायकवृंदात नेले आणि तो पुढची सम्राज्ञी एलिझाबेथ हिचा सर्वांत जवळचा माणूस झाला. १७४४ मध्ये त्याला काउंट केले, तेव्हा जर्मन सम्राटाच्या पत्रात त्याचे कूळ रोमान रोझिन्स्की या राजवंशी माणसापर्यंत नेऊन भिडवले होते. धाकटा भाऊ किरिलो पुढे शेवटचा हेटमन झाला. त्याच्याबद्दल असे सांगतात की त्याने लहानपणचे गुराख्याचे कपडे आणि पावा किमती लाकडाच्या कपाटात जपून ठेवले होते आणि मुले फार मिजास करू लागली की तो ते कपाट उघडायला लावी. त्यावर एका मुलाने उत्तर दिले, "तुम्ही साध्या कोसॅकाचे पुत्र, मी फील्डमार्शलचा." किस्सा शब्दशः खरा असो वा नसो, दोन पिढ्यांत काय बदलले ते त्यात नेमके आले आहे.

साम्राज्याचा चॅन्सेलर झालेला ओलेक्सांद्र बेझबोरोद्को हाही कोसॅक स्तार्शिनातलाच. त्याच्या घराण्याच्या कथेत मूळपुरुष क्सेन्झ्नित्स्की नावाचा पोलिश उमराव आहे, ज्याची हनुवटी लढाईत छाटली गेली, म्हणून आडनाव बेझबोरोद्को, म्हणजे बिनहनुवटीचा.

हा कागदांचा झगडा पन्नास वर्षे चालला. शेवटी १८३५ मध्ये सरकारने बहुतेक वरचे कोसॅक हुद्दे उमरावकीला पुरेसे मानले. म्हणजे ज्या आजोबाचा हुद्दा लपवून पोलिश पणजोबा उभा केला होता, त्या हुद्द्यावरच अखेर काम झाले.

निळावंती

वाचनखूण साठवली आहे. एक शंका : ख्मेल्नित्स्कीचे चिन्ह अब्दांक होते असे कुठेतरी वाचले, आणि विहोव्स्की या नंतरच्या हेटमनचेही अब्दांकच. हे दोघे नातलग होते का?

दप्तरखाना

नाही. पोलिश पद्धतीत चिन्हालाच नाव असते आणि एकेका चिन्हाखाली एकमेकांशी काही संबंध नसलेली शेकडो घराणी असतात. अब्दांक म्हणजे लाल ढालीवर इंग्रजी डब्ल्यूसारखी पांढरी आकृती. पुढचा हेटमन माझेपा याचे चिन्ह कुर्च, त्याचा मुख्य चिटणीस ओर्लिक याचे नोविना, ही सगळी त्याच पठडीतली. पश्चिम युरोपात एक चिन्ह म्हणजे एक घराणे, असा साधारण हिशेब असतो. तो इथे लावला की हमखास चुकीची वंशावळ तयार होते. इंटरनेटवरच्या कित्येक वंशवृक्षांत हाच घोळ आहे : चिन्ह जुळले, लावली फांदी.

ख्मेल्नित्स्कीच्या बाबतीत वाद आणखी मुळाशी जातो. त्याचा बाप मिखाइलो चिहिरिनला पोलिश सरदाराच्या चाकरीत होता. तो जन्माने उमराव होता की नाही, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

परतलेला_डॉक्टर

मी एमबीबीएस पोल्तावाला केले. महाराष्ट्रातली बरीच मुले तिथे होती. शहरातल्या संग्रहालयाची इमारत (वासिल क्रिचेव्स्कीने आखलेली, मूळची प्रांतिक मंडळाची) बाहेरून बघत उभे राहावे अशी आहे. भिंतीवर रंगीत चिन्हांची रांग आहे. ती घराण्यांची असावीत असे मी धरून चाललो होतो. तिथल्या बाईंनी समजावून सांगितले की ती पोल्तावा प्रांतातल्या गावांची आहेत.

घराण्याचे चिन्ह समजले ते कोचुबेय यांचे. पोल्तावाहून दिकान्का जवळ. तिथे कोचुबेयांची मोठी जहागीर होती. वाडा क्रांतीच्या धामधुमीत जळाला, पण १८२० ची विजय-कमान उभी आहे. झार अलेक्झांडर येऊन गेला त्याच्या स्मरणार्थ बांधलेली. आणि जुने ओकवृक्ष आहेत, त्यांना अजून कोचुबेयांचे ओक म्हणतात. त्यांच्या चिन्हात पेटलेले हृदय आणि दोन क्रूस आहेत. त्यामागची गोष्ट दप्तरखाना यांनी लिहावी, त्यांना जास्त नीट येईल.

दप्तरखाना

आवर्जून लिहितो, कारण कोसॅक कुलचिन्हांत माझ्या सर्वांत आवडीचे हेच.

वासिल कोचुबेय हा माझेपाच्या राज्याचा मुख्य न्यायाधीश. त्याच्या कुळाचा मूळपुरुष क्रिमियाकडून आलेला तातार मानतात. १७०८ मध्ये त्याने आणि कर्नल इस्क्राने झार पीटरला कळवले की हेटमन माझेपा फितूर होणार आहे. पीटरचा माझेपावर पूर्ण भरवसा. त्याने या दोघांनाच माझेपाच्या हवाली केले. जुलै १७०८ मध्ये बिला त्सेर्क्वाजवळ दोघांची डोकी उडवली. चार महिन्यांच्या आत माझेपा खरोखरच स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सला जाऊन मिळाला. मग कोचुबेय हुतात्मा ठरला, जप्त जहागिरी परत आल्या, दोघांच्या कबरी कीव्हच्या पेचेर्स्क लाव्रा मठात आहेत. घराण्याच्या परंपरेप्रमाणे पेटते हृदय, दोन सोनेरी क्रूस आणि 'जिथे जळतो तिथून वर चढतो' अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य हे पीटरने दिले.

या चिन्हात पोलिश पूर्वज नाही, उसना सिंह नाही. एक विशिष्ट माणूस, एक विशिष्ट मृत्यू, आणि राजाने चूक केली याची ढालीवर कायमची नोंद. त्याच्याच वंशातला व्हिक्टर कोचुबेय १८०२ मध्ये रशियाचा पहिला गृहमंत्री झाला आणि १८३१ मध्ये प्रिन्स.

माझेपाच्या चिन्हाचे उलटे झाले. त्याला चर्चने बहिष्कृत केले, राजधानी बातुरिन जाळली, नाव घेणे गुन्हा. तरी त्याने बांधून दिलेल्या चर्चांपैकी काहींवर त्याचे चिन्ह टिकले. लाव्रातल्या ऑल सेंट्स चर्चच्या दर्शनी भिंतीवर ते आजही आहे.

खडूफळा

माहिती उत्तम, पण सूर मला पटत नाही. बिचाऱ्या नातवांना कागद दाखवावे लागले, असे तुम्ही मांडता. ते कागद कशासाठी हवे होते? १७८३ मध्ये कॅथरीनने याच मुलखातल्या शेतकऱ्यांना जमिनीला जखडले. उमरावकीचा दाखला म्हणजे माणसे मालकीची करण्याचा परवाना. साध्या कोसॅकांच्या जमिनी कर्ज, धाकदपटशा आणि खोट्या खरेदीखतांनी कोणी गिळल्या? याच घराण्यांनी. ओलेक्सांद्र लाझारेव्स्कीने एकोणिसाव्या शतकात स्तारोदुब, निझिन आणि प्रिलुकी या पलटणींचा जो गावनिहाय इतिहास लिहिला, तो उघडून बघा. कुलचिन्हाचा सोनेरी मुलामा त्यात कुठेच दिसत नाही.

दप्तरखाना

तुमचा मुद्दा पूर्ण मान्य आणि तो धाग्यात यायलाच हवा होता. लाझारेव्स्की स्वतःही कोसॅक कुळातला, म्हणून त्याच्या लिहिण्याला वजन आहे.

फक्त एक भर. उमरावकीचे पुरावे गोळा करण्याच्या या धडपडीतूनच काही मंडळींनी जुन्या सनदा, तह आणि बखरी जमवायला घेतल्या. आंद्रियान चेपा, वासिल पोलेतिका, रोमान मार्कोविच, तिमोफी कालिन्स्की यांनी कोसॅक हुद्द्यांच्या बाजूने टिपणे लिहिली. पोलंडशी झालेल्या १६५८ च्या हादियाचच्या करारात प्रत्येक पलटणीतल्या शंभर कोसॅकांना उमराव करण्याचे कलम होते, असले पुरावे अशा वेळी कामाचे. हेतू जमिनीचा आणि मानाचा होता, पण कागद वाचले. युक्रेनचा स्वतःचा इतिहास लिहिण्याची सुरुवात ज्या वर्तुळांत झाली, त्यांतले हे एक महत्त्वाचे वर्तुळ.

खडूफळा

हे पटले. बनावट कागदाचे एखादे नीट तपासलेले उदाहरण द्या ना. 'धंदा चालला' एवढ्यावर समाधान होत नाही.

शिळाप्रेस

हे मी देतो. उदाहरण गोगोलचे, म्हणजे 'तारास बुल्बा' ही कोसॅकांवरची कादंबरी लिहिणाऱ्याचेच.

लेखकाचे आजोबा ओपानास देम्यानोविच. त्यांचे वाडवडील धर्मोपदेशक, आडनाव यानोव्स्की. स्वतः पलटणीच्या कचेरीत कारकुनी करून वर आले. बायको तेत्याना लिझोहुब, म्हणजे बड्या कोसॅक घरची. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी उमरावकीसाठी जो दावा केला, त्यात पूर्वज म्हणून कर्नल आंद्रेय गोगोल येतो आणि त्याला पोलंडचा राजा यान काझिमिर याने १६७४ मध्ये ओल्खोवेत्स गाव दिल्याचे म्हटले आहे.

आता तपासा. यान काझिमिरने १६६८ मध्येच गादी सोडली आणि १६७२ मध्ये तो फ्रान्समध्ये वारला. १६७४ मध्ये पोलंडच्या गादीवर यान सोबिएस्की आला. त्या काळातला इतिहासाला ठाऊक असलेला गोगोल आडनावाचा कर्नल ओस्ताप, आंद्रेय नव्हे. राजा चुकला, पूर्वजाचे नावही जुळेना. तरी दावा मंजूर झाला आणि कुटुंब गोगोल-यानोव्स्की म्हणून उमरावांत गेले. नातवाने पुढे यानोव्स्की गाळून टाकले आणि जगाला तो नुसता गोगोल म्हणून माहीत झाला.

ओस्ताप हा खरेच पूर्वज होता का? मधला दुवा दाखवणारा भरवशाचा कागद नाही. एवढेच म्हणता येते.

कावेरीकाठ

सुरेख चर्चा. या वंशावळींत बायकांच्या बाजूने गेले की नकाशा एकदम पालटतो, तो भाग राहिला.

हेटमन पेत्रो दोरोशेन्को हरल्यावर त्याला रशियात नेले. मॉस्कोजवळच्या यारोपोलेत्स गावी तो १६९८ मध्ये वारला. पुश्किनची बायको नताल्या गोंचारोवा आईकडून त्याच्या वंशातली, आणि पुश्किन यारोपोलेत्सला जाऊन आलेला होता. एकाक्ष हेटमन दानिलो अपोस्तोलचे रक्त नातीकडून मुराव्योव्ह घराण्यात गेले. म्हणून झारविरुद्धच्या डिसेंब्रिस्ट उठावासाठी १८२६ मध्ये फाशी गेलेल्या सेर्गेईचे आडनाव मुराव्योव्ह-अपोस्तोल. हेटमन इवान स्कोरोपाद्स्कीची बायको नास्त्या इतकी कर्तबगार की लोक म्हणत, इवान नेसतो लुगडे आणि नास्त्या धरते राजदंड. (त्यांचे नेसूचे वस्त्र प्लाख्ता. लुगडे हे मी आपल्याकडचे घातले.) १९१८ मध्ये काही महिने युक्रेनचा हेटमन झालेला पाव्लो स्कोरोपाद्स्की हा या इवानच्या भावाचा वंशज. नास्त्याचा नव्हे.

संगीतवाल्यांसाठी : बेथोवेनची रझुमोव्स्की क्वार्टेट्स ज्याच्या नावे आहेत, तो व्हिएन्नातला राजदूत म्हणजे वर आलेल्या किरिलोचा मुलगा.

दोनकाठचा

सगळे युक्रेनचेच चालले आहे, म्हणून रशियातल्या डॉन नदीच्या कोसॅकांबद्दल थोडे. त्यांची वाट निराळी. त्यांना पोलिश पूर्वज शोधायची गरज पडली नाही, कारण पोलंडशी तसा संबंधच नव्हता. १७९८ मध्ये सम्राट पॉलने डॉन कोसॅकांचे हुद्दे सरळ रशियन सैन्याच्या हुद्द्यांच्या बरोबरीचे केले आणि अंमलदारांची घरे आपोआप उमराव झाली. १७९९ मध्ये फ्योदोर देनिसोव्ह काउंट झाला, आणि १८१२ मध्ये नेपोलियनशी लढलेला त्यांचा अतामान, म्हणजे प्रमुख, प्लातोव्ह. इलोवाइस्की, येफ्रेमोव्ह, ग्रेकोव्ह ही तिथली इतर नावे. त्यामुळे डॉनच्या वंशावळींत दंतकथा कमी आणि सैन्यातल्या नोकरीच्या नोंदी जास्त.

निळावंती

आणि ते पोलुबोतोकचे सोने? लंडनला ठेवले होते म्हणतात ते?

शिळाप्रेस

पाव्लो पोलुबोतोक हा हंगामी हेटमन १७२४ मध्ये पीटरच्या कैदेत वारला. त्याने त्याआधी लंडनला बँक ऑफ इंग्लंडमध्ये (दुसऱ्या पाठात ईस्ट इंडिया कंपनीकडे) सोन्याचे पिंप ठेवले आणि ते चक्रवाढ व्याजाने वाढते आहे, अशी आख्यायिका. वंशावळीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की १९०८ मध्ये स्तारोदुबला या सोन्यासाठी वंशज म्हणवणाऱ्यांचा मेळावा भरला. १९९० मध्ये तर प्रत्येक युक्रेनी माणसाच्या वाट्याला ३८ किलो सोने येईल, असे जाहीरपणे सांगितले गेले. ठेवीचा पुरावा आजवर मिळालेला नाही.

खडूफळा

एखादे घराणे खरे की रचलेले, हे आज तपासायचे तर सुरुवात कुठून करावी?

दप्तरखाना

पहिले नाव वादिम मोद्झालेव्स्की. सैनिकी शिक्षण घेतलेला हा माणूस आयुष्यभर या घराण्यांच्या मागे लागला. त्याच्या वंशावळकोशाचे चार खंड १९०८ ते १९१४ मध्ये कीव्हला निघाले. पाचवा त्याच्या हयातीत छापला गेला नाही. त्याची शिस्त अशी की नोंदीला आधार असेल तेवढेच लिहायचे. दंतकथेतला पोलिश पणजोबा तो वंशाच्या आरंभी बसवत नाही, पहिला कागदावरचा कोसॅक बसवतो.

१९१४ मध्ये त्याने व्लादिस्लाव्ह लुकोम्स्कीसोबत या मुलखाचा कुलचिन्हकोश काढला. त्यातली चिन्हे हेओर्हिय नार्बुतने रेखाटली. नार्बुत हाही ह्लुखिव्ह भागातल्या लहान कोसॅक घरातला, आणि त्याच्या रेषेत ते स्पष्ट दिसते. नेहमीच्या सरकारी चित्रांत सगळ्या ढाली एका साच्यातून काढल्यासारख्या असतात. याने शिक्क्याचा ओबडधोबडपणा, बाणाचा वाकडा पिसारा, हृदयाचा फुगीरपणा राखून चित्रे काढली. १९१८ मध्ये स्कोरोपाद्स्कीच्या राज्याची मुद्रा त्यानेच आखली, आणि तिच्यात जुन्या कोसॅक सैन्याच्या शिक्क्यावरचा खांद्यावर बंदूक घेतलेला कोसॅक आणून बसवला. नार्बुत आणि मोद्झालेव्स्की दोघेही १९२० मध्येच गेले, चाळिशीच्या आत.

मूळ कागदांसाठी कीव्हचे मध्यवर्ती ऐतिहासिक अभिलेखागार. तिथे हेटमनांच्या मुख्य कचेरीचे दप्तर ५१ क्रमांकाच्या संग्रहात, आणि १७६५ ते १७६९ ची, रशियन कारभारी रुम्यांत्सेव्ह याने करवलेली खानेसुमारी ५७ क्रमांकाच्या. ही खानेसुमारी फार मोलाची, कारण ती १७८५ च्या आधीची आहे. कोणाला काही सिद्ध करायचे नव्हते तेव्हा माणूस स्वतःला काय म्हणवत होता, ते तिच्यात सापडते. त्याच्या जोडीला चर्चची जन्म-मृत्यूची पुस्तके आणि वार्षिक पापनिवेदनाच्या याद्या. यांतले पुष्कळसे आता स्कॅन होऊन फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर येते आहे, आणि युद्ध चालू असल्यामुळे त्या कामाची निकड वाढली आहे.

खडूफळा

१६४९ ची ४०,००० ची यादी छापील मिळते का?

दप्तरखाना

मिळते. १९९५ मध्ये कीव्हहून प्रसिद्ध झाली आहे. पलटण, मग शंभरांची तुकडी, मग नावे, अशी रचना आहे. मात्र पुष्कळांना अजून आडनावच नव्हते. अमक्याचा मुलगा, तमक्याचा जावई किंवा नुसता धंदा, असे लिहिले आहे. म्हणून तिथून खाली येण्यापेक्षा रुम्यांत्सेव्हपासून वर जावे. घराणे मोद्झालेव्स्कीत असेल तर आधी त्याचा खंड, नसेल तर थेट ५७ क्रमांकाचा संग्रह.